ज्याच्याकडे मेंढरं थोडी

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काष्टीहून जैसलमेरला गाडीनं जाऊन आलो. नाशिक, सापुतारा, सुरत, अहमदाबाद, सांचोर, बाडमेर असा बाराशे किलोमीटरच्या वरचा रस्ता. गाडी मी आणि हे आळीपाळीनं चालवत होतो. (निघायच्या आधी शेजारच्या दोघी-तिघींनी विचारलं, "तू पण चालवणार?" चालवली. घाट सोडला तर माझाच हात बरा आहे, हे घरात आता सगळ्यांनी मान्य केलंय.) परत आल्यापासून लोक विचारतात, उंटावर बसलात का, तंबूत झोपलात का, फोटो दाखवा. फोटो दाखवते. पण जे मनात घेऊन आले ते फोटोत आलेलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

बाडमेर सोडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सपाट, खडकाळ जमीन सुरू झाली. वाळून पिवळं पडलेलं गवत, मध्येच बोरीची झुडपं, रुई, लांबवर एखादं खेजडीचं झाड. माझी सातवीतली मुलगी काचेला नाक लावून बसली होती. तासभर झाला तरी सिनेमातल्यासारखे वाळूचे डोंगर काही येईनात. शेवटी वैतागून म्हणाली, "अम्मी, ये तो अपने श्रीगोंदे के माळ जैसाच है! इतने दूर किस लिए आए?"

त्या 'जैसाच'मधला मराठी 'च' ऐकला की मला दर वेळी हसू येतं. उर्दूच्या तासाला मी तो खोडते आणि घरी स्वतः वापरते. पण तिचं म्हणणं मात्र खोडता येण्यासारखं नव्हतं. ज्याला डेझर्ट नॅशनल पार्क म्हणतात, ते जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत ३,१६२ चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे, आणि त्यात वाळूच्या टेकड्या आहेत फक्त पाचव्या हिश्श्याइतक्या. बाकी सगळं गवत, मुरूम, खडक, आटलेल्या तळ्यांची खारट पात्रं. आपण ज्याला माळ म्हणतो तेच, फक्त पाऊस आपल्याहून कमी. हे सगळं राखून ठेवलं १९८० साली, आणि ते मुख्यतः एका पक्ष्यासाठी. तिकडं त्याला गोडावण म्हणतात. आपल्याकडचं नाव माळढोक.

आमचं तंबूतलं बुकिंग सम या गावाजवळ होतं. जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटर, उद्यानाच्या हद्दीला खेटून. तंबू म्हणजे कापडी भिंतींची खोलीच; आत पलंग, गिझर, आरसा. संध्याकाळी मधल्या गोल अंगणात मांगणियार गवय्ये आले. हे लोक मुसलमान, पण पिढ्यान्‌पिढ्या राजपूत यजमानांच्या घरी जन्माला, लग्नाला गाणारे. कृष्णाचंही गातात, पीरांचंही गातात. एक म्हातारबाबा कमायचा वाजवत होते. त्या वाद्याचा आवाज असा, की माझा अकरावीतला मुलगासुद्धा मोबाइल खाली ठेवून ऐकत बसला. वीस मिनिटं झाली असतील. मग त्यांना उठवलं, मोठे स्पीकर लागले आणि त्यानंतर रात्री उशिरापर्यंत जे वाजलं ते आपल्याकडच्या वरातीत वाजतं तेच. शेजारच्या कॅम्पातही तेच, त्याच्या पलीकडच्यातही तेच. टेकडीवर चढून पाहिलं तर दिव्यांची रांगच्या रांग. तारे पाहायला म्हणून मुलांना आणलं होतं.

पहाटे फजरला उठून मी टेकडीच्या मागं गेले. वाळूवर मुसल्ला अंथरला. गार वाळू, वारा बंद, सगळीकडं शांत. सलाम फिरवला आणि उजव्या बाजूला पाहिलं, तर वेफर्सची रिकामी पाकिटं, बाटल्या आणि जीपच्या चाकांचे एकावर एक गेलेले चर. त्यातला एक चर आदल्या संध्याकाळी आमचाच होता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं मी जे म्हणणार आहे ते दुसऱ्याकडं बोट दाखवून म्हणायचं नाही.

आमची स्वतःची गाडी आम्ही डांबरावरच ठेवली होती. वाळूत न्यायची तर टायरमधली हवा निम्म्याच्या आसपास उतरवावी लागते, म्हणजे चाक पसरट होतं आणि रुतत नाही. बाहेर आल्यावर पुन्हा भरायची. हे आम्हाला जमण्यासारखं नव्हतं म्हणून जीप केली. जीपवाला पंचविशीतला तरुण, उद्यानाच्या आतल्याच एका गावचा, सिंधी बोलणारा मुसलमान. आधी त्यानं टेकड्यांवरून आम्हाला उसळवलं. मुलं किंचाळली, मीही किंचाळले. नंतर टेकड्या संपल्या तरी तो रस्त्यावर येईना; गवतातूनच गाडी घालत राहिला. सेवण नावाचं ते गवत झुबक्याझुबक्यानं वाढतं, उन्हाळ्यातही त्याच्या मुळाशी ओल टिकते, आणि तिकडच्या गाईंचं सगळं त्याच्यावरच चालतं. गोडावण त्याच गवतात जमिनीवर अंडं घालतो. घरटं नाही, काटक्या नाहीत. उघड्या मातीत, बहुतेक वेळा एकच अंडं. ते जीपच्या चाकाखाली गेलं किंवा कॅम्पाच्या उकिरड्यावर पोसलेल्या कुत्र्यांनी खाल्लं, की त्या मादीचं त्या हंगामाचं बहुतेक संपलंच.

मी त्याला म्हटलं, रस्त्यानं घे. त्यानं घेतली. मग थोडा मोकळा झाला आणि बोलायला लागला. त्याच्या वडिलांकडं चाळीसेक मेंढ्या आणि थोड्या बकऱ्या. उद्यानात सत्तरच्या आसपास गावं आहेत, त्याशिवाय ढाण्या, म्हणजे आपल्या वस्त्या. वनखात्याच्या नियमांमुळं तिथं पक्का रस्ता, वीज, पाण्याची लाइन यांतलं काहीही करायचं तर परवानग्यांची रांग. दुष्काळात कळप कुंपणात शिरला तर वडिलांना पावती फाडावी लागते. "आणि माझी जीप बघा," तो हसत म्हणाला, "रोज चार फेऱ्या. मला कोणी विचारत नाही."

हसत बोलला खरा. मला मात्र तिथंच हजरत उमर (रजि.) यांची एक गोष्ट आठवली. बी.एड.च्या वर्गात पर्यावरण शिकवताना कुणी सांगितली नव्हती. अब्बांकडून ऐकलेली, नंतर बुखारीत वाचलेली.

राखीव कुरण ही गोष्ट अरबस्तानात जुनी. त्याला हिमा म्हणतात. इस्लामच्या आधी जोरदार सरदार आपल्या कळपांसाठी चांगली कुरणं अडवून ठेवायचे. पैगंबरांनी (स.) ही खासगी मक्तेदारी बंद केली आणि हिमा फक्त सगळ्यांच्या कामासाठी ठेवली, मदिनेजवळच्या नकी इथलं कुरण लष्कराच्या घोड्यांसाठी होतं. पुढं उमर यांनी अशा कुरणावर हुनय्य नावाचा आपला एक मुक्त केलेला गुलाम नेमला. त्याला ताकीद दिली, की ज्याच्याकडं थोडे उंट, थोडी मेंढरं आहेत त्याला आत येऊ दे. पण अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांच्या कळपांना जपून राहा. दोघंही बडे सहाबी, उमर यांच्या उठण्याबसण्यातले, आणि उस्मान तर नंतर खलिफा झाले. कारणही उमर यांनी सांगितलं: यांची जनावरं मेली तर यांना परत जायला खजुराच्या बागा आहेत, शेती आहे. त्या गरिबाची मेली तर तो बायकापोरं घेऊन माझ्या दारात येईल, आणि मग मला खजिन्यातून सोनंचांदी द्यावी लागेल. त्यापेक्षा गवतपाणी देणं मला सोपं.

चौदाशे वर्षांपूर्वीचा हा वनाधिकाऱ्याला दिलेला हुकूम आहे. जमीन राखायचीच, त्याबद्दल उमर यांच्या मनात शंका नव्हती. फक्त ती कुणापासून राखायची, याचा क्रम त्यांनी लावून दिला. आपल्याकडं तो क्रम नेमका उलटा लागलाय.

आपल्या लोकांचा हिशेबही इथंच मांडते, नाहीतर कोणी म्हणेल हिनं सोयीची गोष्ट निवडली. माळढोकाचाच एक लहान भाऊबंद आहे, तिलोर. हिवाळ्यात थरमध्ये आणि पलीकडं सिंध-बलुचिस्तानात उतरतो. आखाती राजघराण्यांतले शेख बहिरी ससाणे घेऊन त्याच्या शिकारीला पाकिस्तानात येतात, आणि तिथलं सरकार त्यांना खास परवाने देतं. २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ही शिकार बंद केली. काही महिन्यांत, २०१६ च्या सुरुवातीला, बंदी उठलीही. १९७०च्या दशकाच्या शेवटी असाच एक सौदी शाहजादा लवाजमा घेऊन जैसलमेरला आला होता. राजस्थानातल्या लोकांनी ओरड केली आणि ती शिकार थांबवावी लागली. नावं अरबी असली म्हणून हिमाचा नियम पाळला जातो असं नाही.

आता काष्टीकडं येते, कारण मुलीनं मला तिकडंच आणून सोडलं होतं.

जैसलमेरच्या त्या गवतात माझ्या मनात सारखं येत होतं, की आपण बाराशे किलोमीटर आलोत ते आपल्याच गावचं हरवलेलं पाखरू बघायला. १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रज शिकाऱ्यानं आपल्या अहमदनगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसानं, एका जिल्ह्यात. वीस वर्षं, आठवड्याला जवळपास एक. आज अख्ख्या देशात मोकळे उरलेले माळढोक दीडशेच्या आत आहेत आणि त्यातले बहुतेक सगळे थरमध्ये. आपल्या महाराष्ट्रात एखाददुसरा दिसला तर त्याची बातमी होते.

अब्बा नालबंद. आमच्या शनिवारच्या बाजारात त्यांनी चाळीस वर्षं बैलांना पत्र्या मारल्या. लहानपणी ते आजोबांबरोबर हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून कर्जत-मिरजगावकडच्या बाजारांना पायी जायचे. तेव्हा माळावर पाहिलेला एक नर ते अजून हातानं मापून दाखवतात: कमरेएवढा उंच, मान पांढरी, चालायचा एखाद्या पाटलासारखा. गळ्याची पिशवी फुगवून हुंकारायचा, म्हणून जुनी माणसं त्याला हूमही म्हणायची. "धनगराच्या मेंढरांच्या मागं मागं चालायचा," अब्बा सांगतात, "मेंढरं गवतातले टोळ उडवायची, हा टिपायचा." मेंढरं आणि माळढोक एकाच माळावर, आणि कुणाला कुणाची अडचण नाही.

मग १९७९ साली माळढोक अभयारण्य झालं. सोलापूर जिल्ह्यातले आणि आपले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा हे तालुके धरून ८,४९६ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या एवढ्या मोठ्या नगर जिल्ह्याच्या जवळपास निम्म्याइतकं. त्यात गावं आली, एसटी स्टँड आले, उसाचे मळे आले. साहजिकच जमिनीचा व्यवहार करायचा, काही बांधायचं, तर अडचण. माळढोक आला की जमीन गेली, असं लोक बोलायचे. ज्या पक्ष्याला धनगर ओळखत होता, त्याचं नाव शेतकऱ्याला तलाठ्याच्या दारात ऐकू यायला लागलं. पुढं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि क्षेत्र कमी होऊन १,२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आलं. लोक सुटले, पण तोवर पक्षी गेला होता. वर्षानुवर्षं अडला तो सातबाऱ्यावर दोन एकर असलेला माणूस. ज्याला मोठं काही उभारायचं होतं, त्याला वाटा सापडत गेल्या.

दरम्यान घोड आणि कुकडीचं पाणी आलं आणि माळाचा ऊस झाला. त्याला मी वाईट म्हणणार नाही. आमच्या घरात पहिला पदवीधर त्या पाण्याच्या पैशातूनच झाला. बैल कमी झाले, अब्बांचं काम थांबलं, ट्रॅक्टर आले. हे होणारच होतं. पण ज्या माळावर पाणी चढलं नाही, तोही आपण सोडला नाही. आणि इथं माझी स्वतःची गोष्ट येते.

काही वर्षांपूर्वी शाळेच्या वृक्षारोपणाची जबाबदारी माझ्याकडं होती. गावाबाहेरच्या गायरानावर 'पडीक' जागा होती. मुलांच्या हातात टिकाव-फावडी दिली, खड्डे घेतले, ग्लिरिसिडियाची रोपं लावली. लवकर वाढतं, शेळ्या फारशा खात नाहीत, म्हणून सगळीकडं तेच मिळतं. फोटो काढले, अहवाल पाठवला, कौतुक झालं. तिथं दरवर्षी पावसाळ्यात उतरणारा धनगरांचा एक वाडा दुसऱ्या वर्षी आला तेव्हा कडेच्या रोपांना कुंपण होतं. त्यांच्यातली एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, गवात होतं की इथं." मी तिला झाडांचं महत्त्व समजावून सांगितलं. मी, शिक्षिका, तिला.

'पडीक' हा शब्दच आपण नीट तपासलेला नाही. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक, हा हिशेब इंग्रजांच्या महसूल खात्याचा. आपण तो मराठी शब्द असल्यासारखा वापरतो. माळाला झाड नको असतं. काळवीट, खोकड, लांडगा, चंडोल, माळढोक या सगळ्यांना लांबवर नजर जाणारी मोकळी जमीन लागते. माळढोकाला तर समोरचं नीटसं दिसतही नाही. डोळे बाजूला असल्यानं आणि अंगानं जड असल्यानं आडवी आलेली विजेची तार त्याला चुकवता येत नाही. थरमध्ये आज त्याचा सगळ्यात मोठा काळ त्या ताराच आहेत. पवनचक्क्या आणि सोलरच्या तारा जमिनीखालून घाला, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं. मार्च २०२४ मध्ये तो आदेश सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. वीज सगळ्यांनाच हवी, माझ्या छपरावरही सोलर आहे, त्यामुळं हा प्रश्न सोपा आहे असं मी म्हणत नाही. पण सोलरच्या कंपन्यांना ती जमीन मोकळी दिसली, याचं कारण तिकडच्या कागदांवरही ती पडीकच आहे.

या पक्ष्यासाठी कुणी काही केलं नाही असं नाही. सलीम अलींनी त्याला राष्ट्रीय पक्षी करावं म्हणून वजन टाकलं होतं. मान मोराला मिळाला. असद रहमानींनी १९८०च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीतर्फे वर्षानुवर्षं त्याचा अभ्यास केला, आपल्या सोलापूरच्या नान्नजलाही. ही दोन नावं मी उर्दूच्या वर्गात मुद्दाम सांगते. मुलांना शायर आणि क्रिकेटपटू माहीत असतात. आता सम आणि रामदेवरा इथं अंडी उबवून पिल्लं वाढवली जातात. २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लूही झालं. पिंजऱ्यातली संख्या वाढते आहे. ती पिल्लं सोडायची कुठं, हा प्रश्न मात्र पुन्हा त्या गवताशीच येऊन थांबतो.

आम्हाला गोडावण दिसला नाही. सुदासरीला वनखात्याच्या कुंपणाजवळ सकाळी दोन तास उभं राहिलो. चिंकारे दिसले, एक गिधाड दिसलं. मुलीनं वहीत दोन्ही लिहून घेतली.

दौंडच्या पलीकडं, इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला आता वनखात्यानं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. आमच्याकडून सकाळी निघून दुपारी परत येता येईल इतकं जवळ. कर्जतजवळचं रेहेकुरी तर त्याहून जुनं. १९८० पासून काळविटांसाठी राखलेलं, फक्त २.१७ चौरस किलोमीटर, आणि तरी तिथं काळवीट टिकले. वाचकहो, तुम्ही जा असंच मी म्हणेन. जैसलमेरलाही जा. पण तंबू घेताना स्पीकरचं विचारा, आणि जीपवाल्याला आधीच सांगा की चाक रस्त्याबाहेर जाऊ द्यायचं नाही. पैसे मात्र ठरले तेवढेच द्या, कमी नाही. आणि कडबनवाडीला जाल तेव्हा हेही विचारा, की पूर्वी इथं कुणाची मेंढरं चरत होती, आणि आता ती कुठं चरतात. सफारीच्या गाड्यांसाठी धनगराचा वाडा हलवायला लागला, तर सममध्ये जे झालं ते आपल्याकडं व्हायला दहा वर्षंही लागणार नाहीत. आत्ता ते लहान आहे तोवरच क्रम नीट लावता येईल.

अब्बांना मी जीपवाल्याची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उसके बाप की बकऱ्या कितनी बोला तू?" मी म्हटलं, मेंढ्या चाळीसेक, बकऱ्या थोड्या. "चालीस में क्या होता है आजकल," म्हणाले आणि चहा मागितला.

येत्या पावसाळ्यात खड्डे गायरानावर घ्यायचे नाहीत, शाळेच्या कुंपणालगत आणि ओढ्याच्या काठानं घ्यायचे, एवढं मुख्याध्यापकांनी मान्य केलंय. रोपं वड, लिंब, करंज अशी मागवली आहेत. गायरानावर आधीच वाढलेल्या ग्लिरिसिडियाचं काय करायचं ते अजून ठरत नाही. अहवालात ती झाडं माझ्या नावावर जगलेली आहेत. काढायची तर परवानगी लागते, आणि अर्जात कारण काय लिहायचं यावर माझं आणि ह्यांचं एकमत होत नाहीये. मी लिहिलंय, गवतासाठी. हे म्हणतात, असं कारण लिहिलंस तर कोणी मंजूर करणार नाही.